चार चाकांची वर्दी

चेंबूरहून माहुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर वर्षातून एक दिवस असा येतो, आणि तो बहुधा जूनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात येतो, की त्या दिवशी तेथे वाहन हाकणे म्हणजे साबण सांडलेल्या मोरीतून अनवाणी चालणे होय. मूळचे हे कोळी-आगऱ्यांचे, खाडी आणि मिठागरे यांच्या कुशीतले गाव. परंतु 1954 साली स्टॅनव्हॅकचा आणि 1955 साली बर्मा शेलचा असे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने या परिसरात सुरू झाले आणि तेव्हापासून टँकरांची वर्दळ येथल्या जीवनाचा एक भागच होऊन बसली. जेथे जड वाहने रात्रंदिवस उभी राहतात आणि चालतात तेथे थोडे डिझेल, थोडे वंगण जमिनीवर ठिबकायचेच; आठ महिने ते डांबराच्या छिद्रांत मुरत जाते, त्यावर धूळ आणि टायरांच्या रबराची बारीक पूड बसते, आणि उन्हाने हे सारे मिश्रण कोणाच्या नजरेस न येता रस्त्याशी एकजीव होते. मग पहिली सर येते. पाण्यापेक्षा हलके असलेले ते तेल पृष्ठावर तरंगू लागते, रस्त्यावर सप्तरंगी डाग उमटतात, आणि ज्या डांबराने आठ महिने टायर घट्ट धरून ठेवलेला असतो तेच डांबर त्याला हातातून सोडून देते. तासभर धो धो पाऊस पडला की हा थर धुऊन निघतो. खरी घातवेळ असते ती पहिल्या पंधरा-वीस मिनिटांची.

अशाच एका सायंकाळी माझ्या मामांचा फोन आला. मामा बहात्तर वर्षांचे, कारखान्यातील नोकरीत जुन्या जीपवर हात बसलेला. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, गावाकडच्या घाटीतला कच्चा रस्ता चढता यावा म्हणून त्यांनी एक छोटी फोर बाय फोर घेतली, आणि त्या गाडीवर त्यांचे प्रेम नातवंडांवरच्या प्रेमापेक्षा रतिभर कमी असेल तर असेल.

"अरे, गाडी बिघडली," ते म्हणाले. "मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, तर गाडी जोरच घेईना. बाजूला लावून उभा आहे."

"मामा, दिवा लागून राहिला होता, की लुकलुकत होता?"

थोडा वेळ केवळ पावसाचा आणि टँकरांच्या भोंग्यांचा आवाज. "लुकलुकत होता. आता विझलाय."

"मग गाडी धडधाकट आहे. सावकाश या घरी."

या दिव्यांविषयी सामान्य वाहनमालकाच्या मनात जो समज घर करून बसलेला आहे तो असा की, दिवा लागला म्हणजे काहीतरी मोडले. तेलाच्या दिव्याविषयी किंवा इंजिनाच्या तापमानाच्या दिव्याविषयी हा समज रास्त आहे. परंतु चाकांच्या पकडीशी, म्हणजे ज्याला गाडीच्या पुस्तिकेत ट्रॅक्शन म्हणतात त्या प्रकरणाशी, ज्या दिव्यांचा संबंध आहे त्यांची भाषा निराळी आहे. हे दिवे चौकीवर येणाऱ्या वर्दीसारखे असतात. एखाद्या वर्दीत 'शिपाई जागेवर हजर असून बंदोबस्त चालू आहे' इतकाच मजकूर असतो, दुसरीत 'शिपाई हुकमावरून रजेवर आहे' असा असतो, आणि तिसरीत 'शिपाई आजारी आहे' असा असतो. तिन्ही वर्द्या एकाच कागदावर, जवळजवळ एकाच पिवळ्या शाईने लिहिलेल्या येतात, आणि मजकूर न वाचता नुसता कागद पाहून जो घाबरतो त्याची अवस्था त्या सायंकाळच्या मामांसारखी होते. लुकलुकणारा दिवा म्हणजे बंदोबस्त चालू आहे. 'ऑफ' या अक्षरांसह स्थिर राहणारा दिवा म्हणजे रजा. आणि 'ऑफ' नसताना स्थिर राहणारा दिवा म्हणजे आजार.

ही वर्दी लिहितो कोण, हे समजल्याखेरीज तिच्यावर विश्वास किती ठेवावा हे कळणार नाही. प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ, ज्याला गॅरेजात हब म्हणतात तेथे, एक दातेरी कडे किंवा चुंबकीय पट्ट्यांचे कडे चाकाबरोबर फिरत असते आणि त्याच्यासमोर अंगठ्याएवढा एक सेन्सर स्थिर बसविलेला असतो. दाता समोरून गेला की सेन्सर एक विद्युत्-ठोका पाठवितो; काम एवढेच. छोट्या फोर बाय फोरच्या टायरचा परीघ सुमारे 2.2 मीटर धरला तर ताशी 40 किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला पाच फेरे घेते, आणि कड्याला पन्नास दाते मानले तर एकेका चाकाकडून सेकंदाला अडीचशे ठोके येतात. चारही चाकांचे हे ठोके ज्या लहानशा संगणकापाशी जमा होतात तो एखाद्या मामलेदारासारखा आहे. तो स्वतः कधी फिरतीवर निघत नाही, रस्ता त्याने पाहिलेला नाही, तेल काय, चिखल काय आणि खाडीची रेती काय, हे त्याला ठाऊक नाही, आणि चार गावांच्या चार पाटलांनी धाडलेल्या आकड्यांवरून तो निवाडा करतो. तीन पाटील म्हणतात की आमचे चाक सेकंदाला पाच फेरे घेते आणि चौथा म्हणतो की माझे नऊ घेते, तर चौथ्याच्या पायाखालची जमीन सुटली असली पाहिजे, हे त्याचे सारे तर्कशास्त्र. चारही चाके एकदमच घसरू लागली तर मात्र चारही जबान्या एकमेकींशी जुळतात आणि मामलेदार फसतो. म्हणूनच फोर बाय फोरमध्ये, जेथे पुढची-मागची चाके एकमेकांना जखडलेली असल्याने असे संगनमत सहज घडते, गाडीची प्रत्यक्ष गती वाढते आहे की घटते आहे हे मोजणारा एक स्वतंत्र सेन्सर साक्षीदार म्हणून ठेवावा लागतो. स्टिअरिंग किती वळविले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, यांची रुजुवात घेणारे आणखी दोन साक्षीदार त्याच्या जोडीला असतात.

ही सारी यंत्रणा तशी अलीकडची आहे. ब्रेक दाबताना चाक जखडू न देणारी एबीएस ही योजना इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मोटारींत आली ती 1978 साली, बॉश या जर्मन कंपनीने मर्सिडीजसाठी केली तेव्हा; गाडीचे भरकटणे आवरणारी ईएसपी 1995 साली त्याच जोडगोळीने आणली; आणि आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल 2019 पासून. म्हणजे ज्या पिढीने गाडी चालविणे ॲम्बॅसॅडरवर आणि प्रीमियर पद्मिनीवर शिकले, त्या पिढीने या दिव्यांशी परिचय करून घ्यायचा तो साठी उलटल्यावर. तेव्हा मामांना हसण्यात अर्थ नाही.

रंगांचा संकेत मात्र जगभर सारखा आहे आणि तो आंतरराष्ट्रीय मानकाने ठरविलेला आहे. तांबडा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे अमुक व्यवस्था चालू आहे, आणि निळा केवळ हेडलाइटच्या लांब झोतासाठी राखलेला. यापेक्षा अधिक महत्त्वाची, आणि फार थोड्या लोकांच्या ध्यानात येणारी, गोष्ट अशी की चावी फिरविताच किंवा बटण दाबताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हे सारे इशाऱ्याचे दिवे क्षणभर एकदम उजळतात आणि मग एकेक करून विझतात. ही दिव्यांची हजेरी होय. जो दिवा या हजेरीला उठत नाही तो संकटाच्या वेळीही उठणार नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने टायर ठोकून पाहण्याआधी, रंगाच्या खाली पुटीन आहे का हे नखाने खरवडून पाहण्याआधी, ही हजेरी मोजावी. कारण एबीएस किंवा ईएसपी बिघडलेली असता ती दुरुस्त करण्यापेक्षा तिचा दिवाच निकामी करून टाकणे स्वस्त पडते, आणि हा व्यवहारचातुर्याचा प्रकार करणारे लोक आपल्या शहरात नाहीत असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आता त्या लुकलुकण्याकडे वळू. मामांच्या गाडीचे एक मागचे चाक तेलावर आले आणि सुटले. त्याचे फेरे एकाएकी वाढले. संगणकाने एका क्षणात दोन हुकूम सोडले. पहिला हुकूम इंजिनाला, की मालकाचा पाय काहीही म्हणो, जोर कमी कर. दुसरा ब्रेकला, की त्या एकट्या सुटलेल्या चाकावर हलका चाप दे. मामांना 'गाडी जोर घेईना' असे जे वाटले ते अक्षरशः खरे होते, परंतु तो अशक्तपणा नव्हता, तो संयम होता. या वेळी मालकाने काय करावे? पाय हलका करावा, स्टिअरिंग शक्य तितके सरळ धरावे आणि दिवा विझण्याची वाट पाहावी. दिवा लुकलुकत असताना जो अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबतो तो पोलीस गर्दी हटवीत असताना मागून ढकलाढकली करणाऱ्या बघ्यासारखा होय. आणि आणखी एक गोष्ट: हा दिवा गाडी पुढे जात असतानाच्या किंवा वळत असतानाच्या घसरणीची वर्दी देतो; गाडी किती लवकर थांबेल याविषयी तो काहीच सांगत नाही. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळाली म्हणजे गाडी लवकर थांबते अशी जी एक समजूत फोर बाय फोरच्या मालकांत आढळते ती निखालस भ्रामक आहे, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात आणि तेलकट रस्ता त्यांच्यात भेदभाव करीत नाही.

हाच संयम कधीकधी जाच होतो. माहुलच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी जी विस्तीर्ण दलदल उघडी पडते आणि जिच्यात हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे चरताना दिसतात, तिच्यात गाडी घालणे हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही आहे. परंतु तिच्या जातीचा चिखल पावसाळ्यात कोठल्याही कच्च्या रस्त्यावर भेटतो. तेथे चाक थोडे फिरल्याशिवाय, टायरच्या खाचांतला चिखल फेकला गेल्याशिवाय, गाडी हलतच नाही, आणि संगणक तर फिरलेल्या चाकाला लगेच आवळतो. मामलेदाराने शहरातले कायदे जंगलात लावावे तसे हे होते. म्हणून ईएसपी बंद करण्याचे बटण दिलेले असते. ते दाबून धरले की 'ऑफ' असा दिवा स्थिर लागतो, गाडी मनासारखी चिखल उडवीत बाहेर पडते, आणि पक्का रस्ता लागताच बटण पुन्हा दाबून शिपायास रजेवरून परत बोलवावे लागते. रोहिताला हा खटाटोप करावा लागत नाही; त्याच्या बोटांमधले पडदे चिखलावर पसरतात आणि भार वाटून घेतात. टायरमधली हवा थोडी कमी केल्याने आपल्याला साधते ते नेमके हेच, फक्त पुढच्या पंपावर ती पुन्हा भरून घ्यायला विसरू नये.

परंतु एकच चाक सुटले असता गाडीचा सगळाच जोर का नाहीसा व्हावा, हा प्रश्न राहतोच, आणि त्याच्या उत्तरासाठी बैलगाडीपाशी जावे लागते. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर स्वतंत्रपणे, वंगणाच्या आधाराने, फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरले आणि आतले कमी फिरले तर कोणाचे काही बिघडत नाही, कारण ओढ बैलांच्या खांद्यावर आहे, चाकांत नाही. मोटारीत ओढ चाकांतूनच द्यायची असल्याने दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडून टाकली तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. 1827 च्या सुमारास ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी या अडचणीवर जी तोड काढली तिला आपले गॅरेजवाले आजही 'डिफ्रन्सल' म्हणतात. ही दात्यांची मांडणी दोन्ही चाकांना भिन्न वेगाने फिरू देते, मात्र जोर दोघांना सारखाच वाटते. आणि सारखेपणाचा हा आग्रहच चिखलात नडतो, कारण एका चाकाला पकड मिळत नसल्याने त्याला जितका अल्प जोर घेता येतो तितकाच अल्प जोर पक्क्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाच्याही वाट्याला येतो. एक चाक भिंगरीसारखे फिरते आणि दुसरे शेजारी ढिम्म उभे राहते. पूर्वीचे हुशार चालक अशा वेळी हातब्रेक अर्धा ओढीत. मागच्या दोन्ही चाकांवर थोडा अडथळा आला की सुटलेल्या चाकालाही जोर लावावा लागे, आणि तितकाच जोर मग शेजाऱ्याला मिळे. (विलिस जीपवर ही युक्ती चालत नसे, कारण तिचा हातब्रेक चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर होता.) आजची छोटी फोर बाय फोर हीच हातचलाखी स्वतः करते, आणि तीही अधिक नेमकेपणाने: ज्या चाकाचे ठोके वाढले तेवढ्याच चाकाला ब्रेक. मामांचा पिवळा दिवा लुकलुकत असताना खाली हेच चालले होते. काही गाड्यांत, उदाहरणार्थ नाशिकला तयार होणाऱ्या थारच्या काही प्रकारांत, मागचे डिफ्रन्सल यांत्रिक रीतीने जखडून टाकण्याचीही सोय असते.

मामांच्या तरुणपणी यांतला एकही दिवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिस जीप लाखांनी घडविली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांतच महिंद्र बंधूंच्या कंपनीने तिची जुळणी आपल्या मुंबईत, माझगावात, सुरू केली. पुढे सिंचन खात्यापासून तहसील कचेरीपर्यंत आणि पोलिसांपासून साखर कारखान्यापर्यंत, महाराष्ट्राचा सारा कारभार जिच्यात बसून चिखल उडवीत हिंडला ती हीच गाडी. चालकाच्या पायांशी तीन दांडे असत. एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना ओढ जोडण्याचा आणि एक वेगाची जड व हलकी पायरी बदलण्याचा. आणि समोरच्या पत्र्यावर कोणता दांडा कोठे ढकलावा हे दाखविणारी एक धातूची पट्टी ठोकलेली. पुढचा आस जोडला गेला की नाही, हे हाताला कळे, कानाला कळे, आणि न कळले तर गाडी बसल्या जागी चाके फिरवून सांगे.

पुढे दांडे कमी झाले आणि दिवे वाढले. सुझुकीने 1970 साली जपानात 359 घनसेंटिमीटरच्या इंजिनाची एल-जे 10 ही चिमुकली चारचाकी ओढीची गाडी काढली. तिच्याच वंशातली जिप्सी 1985 च्या अखेरीस भारतात आली, सैन्यात, पोलिसांत आणि ताडोबाच्या वाघांसमोर वर्षानुवर्षे राबली. आणि त्याच घराण्यातली पाच दारांची जिम्नी 2023 च्या जूनमध्ये बाजारात आली. या वंशाच्या गाडीत एकच दांडा असतो: 2एच म्हणजे केवळ मागच्या चाकांना ओढ, 4एच म्हणजे चारही चाकांना, आणि 4एल म्हणजे चारही चाकांना दुप्पट जोराची पण निम्म्या वेगाची ओढ. दांडा 2एचवरून 4एचवर ढकलला की मीटरमधला फोर-व्हीलचा दिवा प्रथम लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. हे लुकलुकणे मात्र पूर्वीच्या लुकलुकण्यापासून भिन्न जातीचे आहे, आणि येथेच लोकांची गफलत होते. पुढच्या चाकांचे तुंबे आणि त्यांना फिरविणारा दांडा एरवी एकमेकांपासून सुटे असतात, म्हणजे रोजच्या रस्त्यावर पुढचे सारे दाते विनाकारण फिरत राहू नयेत. 4एच मागताच इंजिनातली हवा शोषण्याची शक्ती एका बारीक नळीतून तुंब्यापर्यंत नेली जाते आणि तिच्या ओढीने आतले कडे सरकून तुंबा व दांडा जोडले जातात. जोडणी पुरी होईपर्यंत दिवा लुकलुकतो; पुरी झाली की स्थिर होतो. तेव्हा घसरणीच्या दिव्याचे लुकलुकणे म्हणजे 'काम चालू', आणि फोर-व्हीलच्या दिव्याचे लुकलुकणे म्हणजे 'काम अजून सुरू व्हायचे आहे'. तो मिनिटभर लुकलुकतच राहिला तर समजावे की कोठेतरी नळी फाटली किंवा निसटली, किंवा तुंब्याच्या आतले रबर खाऱ्या पाण्याने कडक झाले. आणि अशा अर्धवट स्थितीत घाट चढायला घेऊ नये. दिवा स्थिर झाला तरी त्याचा अर्थ पुढची चाके जोडली गेली एवढाच. त्यांच्या खाली जमीन आहे की लोणी, हे त्याला माहीत नाही.

आता याच्या उलट प्रसंग: दांडा 2एचला आणला तरी दिवा विझतच नाही. जिम्नीची मापे घ्या. पुढच्या-मागच्या आसांतले अंतर 2.59 मीटर, डाव्या-उजव्या चाकांतले अंतर सुमारे 1.4 मीटर, आणि वळण्याची किमान त्रिज्या 5.7 मीटर. स्टिअरिंग पुरते वळवून गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले तर भूमितीने हिशेब असा निघतो की पुढचे बाहेरचे चाक सुमारे 36 मीटर चालते, पुढचे आतले 28, मागचे बाहेरचे 32 आणि मागचे आतले केवळ 23. डावे-उजवे तंटे डिफ्रन्सल मिटविते. परंतु पुढच्या आसाची सरासरी 32 मीटर आणि मागच्याची साडेसत्तावीस, म्हणजे एका वर्तुळात साडेचार मीटरांचा जो फरक पडतो तो मिटविणारे या छोट्या गाड्यांत कोणीच नसते, कारण 4एचमध्ये दोन्ही आस एकमेकांस ताठ जखडलेले असतात. चिखलात, रेतीत, ओल्या गवतावर चाक थोडे घसरून हा फरक परस्पर भागवून टाकते. कोरड्या काँक्रीटवर ते घसरू शकत नाही; मग तो फरक दांड्यांत आणि दात्यांत पीळ होऊन साठतो, स्टिअरिंग जड होते, गाडी वळणावर अडखळते, आणि दाते एकमेकांत इतके घट्ट रुततात की दांडा मागे ओढला तरी आतले कडे सुटत नाही. दिवा जळत राहतो तो या कारणाने. गाडी बिघडलेली नसते, तिला पीळ पडलेला असतो.

4एलच्या पायरीवर आणखी एक गोंधळ उडतो. या पायरीवर जाण्यासाठी गाडी पूर्ण उभी करून, क्लच दाबून, दांडा न्यावा लागतो. आणि तो तेथे बसताच, कोणी बटण दाबलेले नसताना, 'ईएसपी ऑफ' हा दिवा आपोआप लागतो. नवा मालक येथे हमखास दचकतो. परंतु ज्या ठिकाणी माणसाच्या चालीने, खडकावरून किंवा ओढ्यातून जायचे आहे तेथे भरकटणे आवरणाऱ्या व्यवस्थेचे काम नाही, उलट तिचा अडथळाच, हे जाणून निर्मात्यानेच शिपायाला रजा दिलेली आहे. सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देण्याची व्यवस्था मात्र तेथेही जागी असते. या एका ठिकाणी लागलेला पिवळा दिवा हा सर्व काही यथास्थित असल्याचा दाखला होय.

राहता राहिला आजार. एबीएस, ईएसपी आणि चढावर गाडी धरून ठेवणारी व्यवस्था, यांचे दिवे एकदम आणि स्थिर लागले की मालकास वाटते की तीन यंत्रे एका रात्रीत मोडली आणि आता प्रॉव्हिडंट फंड काढावा लागणार. वास्तविक तिन्ही व्यवस्था त्याच चार पाटलांच्या आकड्यांवर चालतात. एका पाटलाने दफ्तर पाठविणे थांबविले की तिन्ही कचेऱ्या एकदम बंद पडतात. सेन्सरवर लोखंडाच्या कणांसकट चिखल बसणे, खारट हवेने जोड गंजणे, बॅटरी क्षीण होणे, पंक्चरवाल्याने घाईत भलत्याच मापाचे चाक लावणे, ही नित्याची कारणे. आणि मुंबईतले खास कारण म्हणजे उंदीर. पावसाळ्यात उबेला येऊन बसणाऱ्या या प्राण्याला सेन्सरच्या तारेवरचे आवरण खाण्याची विशेष आवड आहे. मेकॅनिक स्कॅनर लावतो तेव्हा त्यात सी या अक्षराने सुरू होणारा संकेतांक दिसला तर दोष चासीच्या प्रकरणातला, म्हणजे ब्रेक, चाके, स्टिअरिंग यांतला. आणि संकेतांक बहुधा कोणते चाक हेही सांगतो. त्या चाकापाशी वाकून तार हाताने चाचपावी, सेन्सर पुसावा, आणि मगच नव्या सुट्या भागाची यादी लिहू द्यावी. या आजारात साधे ब्रेक शाबूत असतात, सावकाश घरी जाता येते. मात्र एबीएसच्या पिवळ्या दिव्याच्या जोडीला ब्रेकचा तांबडा दिवाही लागला तर गोष्ट निराळी. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी व्यवस्थाही गेलेली असण्याचा संभव असतो, जोरात ब्रेक दाबताच मागची चाके जखडून गाडी फिरू शकते, आणि अशा गाडीला टोइंगच्या गाडीवर चढविणेच शहाणपणाचे.

त्या सायंकाळी मामा घरी पोहोचले. परंतु अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला. सावधगिरी म्हणून त्यांनी तेलकट रस्त्यावर 4एच लावले होते, मोनोरेलच्या मैसूर कॉलनी स्थानकाच्या पुढे रस्ता चांगला लागल्यावर दांडा परत आणायचे ध्यानात राहिले नाही, आणि सोसायटीच्या छपराखालच्या कोरड्या काँक्रीटवर त्यांनी गाडी तीनदा मागे-पुढे करून, स्टिअरिंग अखेरपर्यंत वळवून, दोन खांबांच्या मध्ये बसविली होती. आता दांडा 2एचला होता आणि हिरवा दिवा जळतच होता. मी खाली गेलो. रखवालदार, दोन मुले आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ भोवती जमून आपापली निदाने सांगत होते; त्यांत बॅटरी काढून ठेवण्याचाही सल्ला होता.

"मामा, स्टिअरिंग सरळ करा आणि गाडी सरळ मागे घ्या. दहा-बारा पावलं. वळवू नका."

त्यांनी रिव्हर्स टाकला. गाडी प्रथम कुरकुरली, मग हळूहळू भिंतीच्या कडेने सरळ मागे सरकू लागली, आणि पाण्याच्या टाकीच्या अलीकडे खालून एक जाड, बुटका आवाज आला: टक्. हिरवा दिवा गेला. मामांनी ब्रेक दाबला, काच खाली केली आणि डोके बाहेर काढून गाडीच्या पोटाखाली काही दिसते का ते पाहिले.

"हा आवाज ओळखीचा आहे रे," ते म्हणाले. "आमच्या जीपचा."